बुडालेलं जहाज आणि आप्पांची येसण

आमच्या भिशीतल्या बायकांनी गोव्याला जायचं काढलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. मेस कोण बघणार? मुळशीतल्या घोटावड्यात माझी मेस आहे. आजूबाजूच्या कारखान्यांतली माणसं दोन्ही वेळ जेवायला असतात. कुणी बिहारचं, कुणी बीडचं, आणि आमटीत मीठ कमी पडलं की सगळ्यांची भाषा एकच होते. लग्न मोडून माहेरी आले तेव्हा ही मेस काढली, आणि तेव्हापासून सुट्टी अशी कधी घेतलीच नव्हती. पण वैनी, म्हणजे माझ्या भावाची बायको, म्हणाली, "जावा वन्सं. चार दिस मी बघते. तुमी घरात असल्या की आमाला बसायची चोरी." खरं होतं ते. मला एका जागी बसवत नाही, आणि मी उठले की दुसऱ्यालाही बसू देत नाही.

गोव्यात बाकीच्या बायका किनाऱ्यावर पाय भिजवत बसल्या. मी थोड्या वेळात कंटाळले. तिथं एक पाटी होती, पाण्याखाली जाऊन मासे बघा म्हणून. गेले. एक गडी आपल्याला मागून धरतो, पाण्याखाली थोडं फिरवून आणतो, आपण नुसता नळीतून श्वास घ्यायचा, असा तो प्रकार. मासे होते, बरे होते. पण नुसते मासेच बघायचे तर आमच्या पिरंगुटच्या बाजारात काय कमी असतात? मी मनात म्हणत होते, गेले पैसे पाण्यात. तेवढ्यात खाली हिरव्या गढूळात मला एक सरळ रेघ दिसली.

समुद्राच्या तळाशी सगळं वाकडंतिकडं असतं. खडक वाकडे, शेवाळ वाकडं, आपले स्वतःचे हातसुद्धा वाकडे दिसतात. ही रेघ मात्र सुतारानं ओळंबा धरून आखावी तशी गेली होती, आणि पुढं अंधारात घुसली होती. मी बोट दाखवलं. त्या गड्यानं मान हलवली आणि मला वर ओढलं. बोटीवर आल्यावर म्हणाला, "ते जहाज आहे. लई जुनं, बुडालेलं. तिथं कोर्स केलेल्यांनाच नेतात."

"कोर्स कुठं असतो?" मी विचारलं. केसांतून पाणी निथळत होतं आणि दात वाजत होते, तरी विचारलं.

परत आले ती बिघडूनच आले. पिठाच्या डब्याला मोबाईल टेकवायचा आणि भाकरी थापता थापता बुडालेल्या जहाजांचे व्हिडिओ बघायचे, हा धंदा सुरू झाला. जगात किती जहाजं बुडालीत, अगं बाई! लढाईत बुडालेली, वादळात बुडालेली, कप्तानाच्या निव्वळ मूर्खपणानं बुडालेली. मी त्यांच्यात जिने शोधायची, कठडे शोधायची, इंजिनाची खोली कुठं असेल ते बघायची. एकात तर स्वयंपाकघर होतं. पातेली कलंडलेली आणि भट्टीचं दार उघडं. ते मी इतक्या वेळा बघितलं की तव्यावरची भाकरी दर वेळी काळी पडायची. "मौसी, आज भी जल गया," बिहारी माणसं म्हणायची. मी म्हणायची, "खाओ चुपचाप, पेट साफ होता है."

पुण्यातल्या एका शिकलेल्या बाईनं मला याचं कारण समजावून सांगितलं होतं. म्हणाली, तुमच्या पणजोबांचं गाव मुळशीच्या धरणात गेलं ना, म्हणून तुम्हाला बुडालेल्या गोष्टींची ओढ आहे. कप्पाळ माझं! धरणात आमची घरं गेली, शेतं गेली, त्याचं दुःख पणज्यानं केलं, आज्यानं केलं, आता मी काय करू? आणि मला घर बघायला पाण्याखाली कशाला जायला हवं? घरात तर मी दिवसभर असते. मला ते जहाज हवं होतं. ती रेघ पुढं कुठं जाते ते बघायचं होतं. झोपेतसुद्धा मी तिच्या मागं मागं जायची आणि ऐनवेळी कुणीतरी मानगूट धरून वर ओढायचं. याला कारण लागतं का? लागत असेल तर ज्याचं त्यानं शोधावं.

आता आप्पांचं सांगते. आप्पा म्हणजे माझे वडील. ते आमच्या भागातले बुडी मारणारे. कुणाच्या विहिरीत मोटारीचा फुटबॉल गाळात अडकला, म्हणजे पाणी ओढायच्या पाइपाच्या तळाची ती झडप, की आप्पांना बोलावणं. कुणाची कळशी पडली, आप्पा. पुण्याची हौशी माणसं धरणावर येऊन बुडाली की पोलिसपाटील आमच्या दारात, आणि आप्पा सदरा काढून निघाले. मलाही त्यांनीच शिकवलं. पाठीला सुका भोपळा बांधला आणि दिलं विहिरीत ढकलून. त्यांचा धडा एकच होता. "दम धर. दम हाय तवर पानी तुझं काय बी वाकडं करत न्हाई." माझा भाऊ पाणी बघूनच रडायचा. मी मात्र तळाचा चिखल मुठीत घेऊनच वर यायची. बायका वरून ओरडायच्या, पोरगी बुडाली, पोरगी बुडाली, आणि आप्पा विहिरीच्या कडेला विडी ओढत निवांत उभे असायचे.

त्या विड्यांनीच घात केला. आता आप्पांच्या छातीत पिठाच्या चाळणीएवढंसुद्धा काही धड उरलेलं नाही. ओट्यावरून मोरीपर्यंत गेले तरी धाप लागते. पिरंगुटच्या डॉक्टरनं ऑक्सिजनचं मशीन दिलं, विजेवर चालणारं, त्याची पातळ नळी नाकात घालून ठेवायची. डॉक्टर मला बाहेर घेऊन सरळ बोलला. म्हणाला, दिवसाचा बराचसा वेळ आणि झोपेत नळी राहिली तर हा माणूस अजून चांगली काही वर्षं तुमच्यात आहे. काढून ठेवत राहिले तर हृदय दमणार, आणि मग माझ्याकडं येऊन रडू नका.

आप्पा ती नळी ठेवायचेच नाहीत. "मी काय बैल हाय, नाकात येसण घालून बसाया?" आमची पाठ वळली की काढायची आणि खुंटीला अडकवायची. मशीन बिचारं भिंतीला वारा घालत घुरघुरतंय आणि आप्पा खाटेवर शिट्टीसारखा आवाज करत बसलेत. समजावून झालं, रागावून झालं, वैनीनं नातवंडांच्या शपथा घातल्या. पालथ्या घड्यावर पाणी. ज्या माणसानं उभा जन्म स्वतःच्या दमावर काढला, त्याला मशीनकडून उसना श्वास घ्यायची लाज वाटायची. तसं ते बोललेही एकदा. "श्वास काय शेजाऱ्याकडनं मागून आनायचा असतुया का?"

मेसच्या स्वयंपाकघरात मला ती शिट्टी ऐकू यायची. मधे फक्त एक भिंत. कांदा चिरतेय आणि कान तिकडं. शिट्टी थांबली की सुरी थांबायची. परत सुरू झाली की परत कांदा. मी उठून जायची, नळी लावायची, ते काढायचे, मी परत लावायची, भांडायची, परत यायची. असे दिवस काढणं म्हणजे काय ते ज्यानं काढलेत त्यालाच कळेल. मला पळून जावंसं वाटायचं. आणि मी रविवारी पळायचीच.

कोर्सचा पहिला भाग पुण्यातल्या एका पोहण्याच्या तलावात असायचा. रविवारी सकाळी सगळं पुणं गाड्या भरून मुळशीच्या पाण्याकडं निघालेलं, आणि मी स्कूटीवर उलटी, मुळशीतून पुण्याच्या पाण्याकडं. भूगावच्या कोंडीत हॉर्न वाजवून वाजवून माझा अंगठा दुखायचा. शिकवणारी मालवणची मुलगी होती, माझ्या निम्म्या वयाची, काटकुळी आणि आवाजानं दणदणीत. पहिल्याच दिवशी मला काकी म्हणाली. मी म्हटलं, काकी म्हणू नकोस. ती म्हणाली, "बरां काकी."

आणि तिथंच माझं घोडं अडलं. पाण्याखाली जाऊन श्वास घेत राहायचं, धरायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. पहिला आणि शेवटचाही. टाकीतली हवा छातीत कोंडून माणूस वर यायला लागला तर वरच्या पाण्याचा भार कमी होतो, ती हवा आत फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. उन्हात ठेवलेली सायकलची ट्यूब फुटते तसं. हे मला समजत नव्हतं असं नाही. लेखी परीक्षेत मी सगळं बरोबर लिहिलं. पण पाणी डोक्यावरून गेलं की माझी छाती आपोआप कुलूप लावायची. लहानपणापासूनची खोड ती! तोंडात नळी, पाठीवर हवेनं भरलेली टाकी, आणि मी आपली दम धरून तळाला बसलेली. माझ्या तोंडून बुडबुडे येईनात म्हणून ती मालवणी मुलगी समोर येऊन डोळे वटारायची. वर आल्यावर ओरडायची, "काकी, दम धरू नकात! कितीदा सांगू? सोडा, सोडा!" आयटीतले माझ्या सोबतचे लोक, ज्यांना धड पोहताही येत नव्हतं, ते छान बुडबुडे सोडत होते. घोटावड्याची पाणबुडी म्हणवणारी मी वर्गात ढ ठरले. मला इतका संताप यायचा की येताना स्कूटी दामटायची.

कशीबशी तलावातली परीक्षा निभावली आणि पावसाळ्याच्या आधी शेवटच्या तुकडीबरोबर गोव्याला गेले. समुद्रातल्या पहिल्या बुड्या ठीक झाल्या. मग एका सकाळी ती म्हणाली, चला, आज जहाज.

दोर धरून खाली उतरलो. पाणी ताकातल्या पालकाच्या भाजीसारखं हिरवट, दाट. आधी काहीच नाही, आणि मग एकदम ती रेघ, माझी रेघ, हाताच्या अंतरावर! लोखंडाची कड होती ती, कालवांनी भरलेली. पुढं तिला जोडून मोठ्या फासळ्या उभ्या होत्या. मी बघतच राहिले. आणि अर्थातच दम धरला. विहिरीच्या तळाशी फुटबॉल हाताला लागला की धरतात तसा. छातीत हवा भरलेली, मी हलकी झाले आणि तरंगत वर निघाले, आणि मला कळलंसुद्धा नाही. कळलं ते पायाला हिसका बसला तेव्हा. त्या काटकुळ्या मुलीनं माझा पाय धरून मला खाली ओढलं होतं, आणि माझ्या तोंडासमोर येऊन ती स्वतः बुडबुडे सोडून दाखवत होती, सोडा, सोडा. तिचे डोळे घाबरलेले होते. तिथूनच आम्ही हळूहळू वर आलो.

बोटीवर ती ओरडली नाही, हे जास्त वाईट. म्हणाली, "काकी, ही खोड जाईस्तोवर मी तुम्हाला जहाजावर नेणार नाही. तुम्हाला काही झालं तर मी आयुष्यभर झोपू शकणार नाही." मी समुद्राकडं तोंड करून बसले आणि रडले. खारट पाण्यात कुणाला कळतंय.

घरी आले तर आप्पांचे पाय सुजलेले आणि नखं निळसर. वैनी कोपऱ्यात नेऊन म्हणाली, "तुमी गेल्या त्या दिसापास्नं येसण खुंटीला हाय. माझं ऐकत्यात व्हय?" डॉक्टरकडं नेलं, सुया झाल्या, औषधं बदलली. डॉक्टरनं माझ्याकडं असं बघितलं की मला भुईत गाडून घ्यावंसं वाटलं. आणि घरी परत आल्यावर खाटेवर टेकता टेकता आप्पांनी विचारलं काय, तर, "बगितलंस का जहाज?"

"हाकललं मला," मी म्हटलं. "दम धरला म्हणून."

आप्पा हसायला लागले. हसता हसता ढास लागली तरी हसत होते. "दम धरला म्हनून? आरं वा! दम धरायचा न्हाई तर काय पान्यात फुगडी घालायची? त्यांला काय कळतंय?"

माझं डोकंच फिरलं. इतक्या दिवसांचं सगळं बाहेर आलं. "त्यांनाच कळतंय आप्पा! तुमच्या त्या दमापायी आज माझी छाती फाटली असती. आन् त्याच दमापायी तुमी मरायला लागलाय, ते बी माझ्या डोळ्यांसमोर! मी भिंतीपल्याड कांदा चिरत ऐकते रोज. तुमाला श्वास मागून आणायची लाज वाटते. मी टाकीतला श्वास घेते, मी काय मेले का? मला तर तो नीट घेता बी येत न्हाई, तुमी तसलं शिकवलंयच न्हाई!"

वैनी दारात थिजली. आप्पांपुढं आवाज चढवायची आमच्या घरात रीत नाही. आप्पा भिंतीकडं वळून निजले. मी मेसवर येऊन उगाचच घासलेली भांडी परत घासली.

पावसाळाभर आमच्यात मोजकंच बोलणं होतं. पण मी हट्टाला पेटले होते. आप्पांच्या खाटेजवळ बसून मी श्वास सोडायचा सराव करायची. नाकानं घ्यायचा, ओठ आवळून सावकाश सोडायचा, लांबच लांब, गरम चहावर फुंकर मारतात तसा. तलावात शिकवलं होतं तेच. गंमत म्हणजे आप्पांच्या डॉक्टरनंही त्यांना हाच व्यायाम सांगितला होता, आणि तो त्यांनी एकदाही केला नव्हता. आप्पा डोळे मिटून पडलेले असायचे. एक दिवस मला वाटलं, खोलीत दोन फुंकरा आहेत. मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर थांबले असते. पण नळी? नळी खुंटीलाच होती.

दिवाळी झाली आणि मालवणी मुलीचा फोन आला. तुकडी निघतेय, येताय का, सराव केलात का. मी सांगितलं, येत नाही. आता कुठल्या तोंडानं जाणार? मी गेले की येसण खुंटीला, आणि परत आल्यावर काय बघायला मिळेल याची मला भीती वाटत होती. जहाजाचं वेड खरं, पण बाप एकच असतो. मोबाईल पालथा घातला आणि पीठ मळायला घेतलं. इतक्या जोरात मळलं की परात जमिनीवर फिरायला लागली.

आप्पांना वैनीनं सांगितलं असणार. त्यांनी मला हाक मारली. "का जात न्हाईस?"

"तुमी नळी काढता म्हनून."

"माझ्या नावावर घरात बसू नगं. मला न्हाई चालायचं." थोडा वेळ धाप लागली, मग म्हणाले, "तुझ्या काठाव कोन असतंय?"

हे विचारणं आमच्या घरातलं आहे, म्हणून सांगायला हवं. आप्पा बुडी मारायला उतरले की त्यांचा सदरा हातात धरून आई काठावर उभी राहायची. ते वर येईपर्यंत सदरा खाली ठेवायचा नाही, बसायचं नाही, पाण्याचा घोट घ्यायचा नाही. धरणात माणूस शोधायला दुपार जायची, तरी ती तशीच उभी. काठ धरणं म्हणतात त्याला. काठ धरणारं कुणी नसेल तर आप्पा पाण्यात पाऊल टाकत नसत, मग पोलिसपाटील कितीही घाई करो. आई गेल्यावर वैनीनं काठ धरला. ज्यानं धरला त्यानं तो बुडी मारणारा वर आल्याशिवाय सोडला, असं आमच्यात आजवर झालेलं नाही.

"बोटवाला असतो," मी म्हटलं.

"त्यो परका. त्यानं काय धरलंय हातात? मोबाईल?"

"मग तुमी धरा काठ."

"मी हितं, तू तितं. काय धरू?"

मी खुंटीकडं बघितलं. त्यांनीही बघितलं. "ही धरा," मी म्हटलं. "मी पाण्यात असेस्तोवर नाकातनं काढायची न्हाई. मी वर आले की मग तुमची मर्जी. काठ धरलेला माणूस मधीच सोडून जातुया का आप्पा?"

त्यांनी मला एक अस्सल शिवी दिली, ती इथं लिहिण्यासारखी नाही. मग म्हणाले, "कदी निगतीस?"

या खेपेला दोर धरून उतरताना मी बुडबुड्यांचा आवाज ऐकत होते. एक श्वास आत, एक लांब बाहेर. ती मुलगी माझ्या शेजारी, एक डोळा माझ्यावर. जहाजाची कड आली. छातीनं कुलूप लावायला घेतलं, ते मला स्पष्ट जाणवलं, आणि मी फुंकर मारली. गेली एकदाची ती खोड! बुडबुडे कडेवरून वर निघून गेले आणि मी तिथंच राहिले. मग मी त्या रेघेच्या मागं गेले. कड पुढं वाकत होती, फासळ्यांच्या मधून लहान माशांचे थवे जात होते, एक भला थोरला गोब्रा मासा बॉयलरच्या तोंडाशी, मेसचं बिल थकवलेल्या गिऱ्हाइकासारखा, नजर चुकवून बसला होता. बॉयलर! आमच्या घोटावड्याच्या कारखान्यात असतो तसला, रिव्हेट मारलेला, आणि त्याच्यावर समुद्राची फुलं उगवलेली. मी हात लावला नाही, नुसती शेजारी थांबले. मी, थांबले. कुठं जायचं नव्हतं, कुणाला वाढायचं नव्हतं. आतून इतका आनंद झाला की डोळ्यांवरच्या काचेच्या मुखवट्यात डोळे भरून आले.

आणि तेवढ्यात आठवलं. मी वर गेले की ते नळी काढणार.

मग मला वरच यावंसं वाटेना. मुलीनं खूण केली, चला. मी खूण केली, थोडं अजून. परत जहाजाच्या टोकाकडं गेले, परत आले. तिनं परत खूण केली. मी बॉयलरकडं बोट दाखवलं, जणू तिथं काही राहिलंय. टाकीचा काटा खाली येत होता आणि मला वाटत होतं, जेवढा वेळ मी इथं आहे तेवढा वेळ घोटावड्यात एका खाटेवर सगळं नीट आहे. शेवटी तिनं माझं मनगट धरलं आणि काटा माझ्या डोळ्यांसमोर आणला. माझी चूक होती, कबूल. फुंकर मारत मारत, सावकाश, मी वर आले.

बोटीवर ती म्हणाली, "काकी, पास!" आणि मला मिठी मारली. मी हसले, पण लक्ष कुठं होतं? बंदर जवळ येईपर्यंत फोनला रेंज नव्हती. रेंज आली तशी वैनीला फोन लावला. तो बराच वेळ वाजला.

"वन्सं? वर आलासा?" ती कुजबुजत होती.

"आले. आप्पा?"

"हळू बोला. सकाळधरनं नळी नाकात हाय. चहा घेतला, जेवले, समदं तसंच. लाइट गेली तर मला इन्व्हर्टर लावाया वरडले. आत्ता तुमचा फोन वाजला आन् मला म्हन्ले, फोन घे, पर ती वर आली म्हनून मला सांगू नगं."

बोटवाला दोर टाकत होता, मंडळी टाक्या उतरवत होती.

"वन्सं, काय सांगू त्यांला?"

"सांग," मी म्हटलं, "अजून खालीच हाय."

दुसऱ्या दिवशी घरी पोहोचले तेव्हा दुपार होती. पिशवी खांद्यावर, तोंड उन्हानं रापलेलं, नाकाच्या शेंड्याची सालं निघालेली. दारातच उभी राहिले. आप्पा खाटेवर बसले होते, नळी नाकात, हातात बशी. नखांचा रंग लांबूनसुद्धा बरा दिसत होता. त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं, चांगलं डोळ्यांत बघितलं. मग स्वयंपाकघराकडं तोंड करून वैनीला हाक मारली.

"आली का गं ती वर?"

वैनी माझ्या शेजारीच उभी होती. म्हणाली, "न्हाई आप्पा, अजून न्हाई."

"बरं," आप्पा म्हणाले, आणि कानामागची नळी नीट केली. "येऊ दे सावकाश."